सोळावी लादी

पहाटे सव्वापाचला बेकरीचे मागचे दार ढकलले की माझे पहिले काम बरणीचे असे. त्या दिवशीही मी चपला बाहेर काढल्या, पदर कमरेला खोचला, डोक्याला रुमाल बांधला आणि फळीवरून ती चिनी मातीची बरणी दोन्ही हातांनी उतरवली. दस्तगीरचाचांनी भट्टीत बाभळीची लाकडे आधीच पेटवली होती आणि ते मैद्याच्या पोत्याला टेकून बशीतून चहा पीत होते. मी बरणीच्या तोंडावरचे ओले फडके सोडले, वाकले आणि वास घेतला.

“सांग,” चाचा म्हणाले.

“ताकासारखा. मागं थोडा पिकल्या केळाचा.”

“दारूचा नाही ना?”

“नाही.”

“मग ओत.”

हे आमचे रोजचे बोलणे. आठ वर्षांपूर्वी एका लांबलेल्या तापात चाचांच्या नाकाचा वास गेला तो परत आलाच नाही. ही गोष्ट त्यांच्याखेरीज फक्त मला माहीत होती. पाव भाजणाऱ्याला वास येत नाही हे कळले असते तर मालकांनी त्यांना दुसऱ्या दिवशी पुढच्या गाळ्यात बिस्किटांचे पुडे बांधायला बसवले असते. त्यामुळे बरणीचा वास मी घ्यायचा, त्यांना सांगायचा आणि पुढचे त्यांनी ठरवायचे, असे आमचे चालले होते.

बरणीत खमीर असे. आदल्या दिवशीच्या मळलेल्या मैद्यातला मूठभर गोळा. तो रात्रभर आंबायचा आणि सकाळच्या नव्या मैद्यात मिसळायचा. त्यावर मैदा फुगायचा. मग पावाचे गोळे तोडताना शेवटची एक मूठ पुन्हा बरणीत. चाचांनी हे खमीर तरुणपणी गुलबर्ग्याहून त्यांच्या उस्तादांकडून आणले होते. त्याला तेव्हा चाळीस वर्षे झाली होती. बार्शीत इतर बेकऱ्या कधीच यीस्टच्या पाकिटावर गेल्या होत्या. तोडकरी बेकरीचा पाव हॉटेलवाले मागून नेत तो या बरणीसाठीच.

आम्ही दोघांनी समोरासमोर उभे राहून मैदा मळला. मळताना मला खोकल्याची उबळ आली आणि मी तोंड फिरवून भिंतीला धरून उभी राहिले. चाचा थांबले नाहीत. माझ्या वाट्याचा मैदाही त्यांनी आपल्याकडे ओढून घेतला.

“डॉक्टर काय म्हणाले?”

“तेच. पीठ आणि धूर सोडा म्हणाले. नाहीतर दोन वर्षांत जिना चढता यायचा नाही.”

“मग सोड.”

“सोडायलाच तर चाललेय उद्या.”

साडेसातला तोडणी झाली. सहा गोळ्यांची एक लादी, अशा लाद्या पत्र्यांवर लागत गेल्या. शेवटी हाताशी मूठभर मैदा उरला तेव्हा मी तो उचलून बरणीत टाकला आणि फडके बांधले. ही मूठ कोणी काढायची, हे पंधरा वर्षांत आम्हाला एकमेकांना कधी सांगावे लागले नव्हते. ज्याच्या हातापाशी शेवट येई, त्याचा हात आपोआप फळीकडे जाई.

दुसऱ्या दिवशी माझी सोलापूरला लेव्हल चारची परीक्षा होती.

या परीक्षांच्या पायऱ्या मी चार वर्षे चढत होते. लेव्हल दोन म्हणजे हाताखालचा माणूस: पत्रे घासणे, मोजमाप, स्वच्छता. लेव्हल तीन म्हणजे भाजणीपर्यंतची अर्धी कामे. त्यात मळलेला मैदा समोर आयता येत असे. लेव्हल चार म्हणजे पूर्ण बेकर. पोत्यातल्या मैद्यापासून थंड झालेल्या पावापर्यंत सगळे एकट्याने करायचे, आणि प्रत्येक टप्प्यावर वजनाचा हिशेब द्यायचा. दिवसभर भट्टीपुढे उभे राहून संध्याकाळी मी तापमानाचे तक्ते पाठ करायची. कितीदा वहीवर डोके ठेवून झोप लागली, याची गणती नाही. माझे वय सदतीस होते. सोलापूरच्या शासकीय प्रशिक्षण केंद्रात बेकरीच्या निदेशकाच्या, म्हणजे शिकवणाऱ्याच्या, दोन जागा होत्या. दिवसाला दोन तास प्रात्यक्षिक, बाकी फळ्यावरचे शिकवणे, खोलीला धूर ओढणारे पंखे. मुलाखत झाली होती आणि माझे नावही यादीत होते, पण एप्रिलअखेर लेव्हल चारचे प्रमाणपत्र दाखल झाले नाही तर नाव निघणार होते. पुढच्या भरतीला मी वयात बसणार नव्हते.

“एक लक्षात ठेव,” निघताना चाचा म्हणाले. “तिथली भट्टी विजेची. तिला घाई असते. तू करू नको.”

*

केंद्रातल्या प्रयोगशाळेत आम्ही नऊजण होतो. माझ्या शेजारच्या टेबलावर वर्षा पतंगे नावाची पुण्याकडची मुलगी होती. हॉटेलच्या शिक्षणाचा अभ्यासक्रम केलेली, पांढऱ्या कोटाची बटणे गळ्यापर्यंत लावलेली. दुसऱ्या जागेच्या यादीत तिचे नाव होते. परीक्षक हेर्लेकर मॅडम पन्नाशीच्या होत्या. त्यांच्या दोन्ही मनगटांवर भाजल्याचे जुने डाग होते. ते पाहून मला धीर आला.

तीन किलो मैदा, त्याला ठरलेले पाणी, यीस्ट, मीठ, साखर, तेल. मळून होणाऱ्या वजनातून सोळा लाद्या निघाल्या पाहिजेत. माझे मळणे चांगले झाले. मॅडमनी मैद्याचा गोळा बोटांनी ताणून उजेडासमोर धरला आणि कागदावर खूण केली. तो फुगला, मी तोडला, वळला, लावला, भाजला. विजेच्या भट्टीने घाई केली, मी केली नाही. जाळीवर लाद्या काढल्या तेव्हा रंग असा आला होता की वर्षा पतंगे आपले टेबल सोडून पाहायला आली.

“बारंगुळे, लाद्या किती?” मॅडमनी विचारले.

“सोळा.”

“मोजा.”

मी मोजल्या. पुन्हा मोजल्या. पंधरा होत्या.

“भट्टीत राहिली का एखादी?”

मी भट्टी उघडून पाहिली. रिकामी होती. तीनशे ग्रॅम मैदा हवेत जात नाही. मॅडम माझ्या टेबलाशी आल्या. कोपऱ्यात, पाण्याच्या नळाजवळ, एक स्टीलचा वाडगा ओल्या फडक्याने झाकून ठेवला होता. त्यांनी फडके उचलले. आत मूठभर मैदा आपल्या वेळेप्रमाणे निवांत फुगत होता.

“हे काय?”

मी त्याच्याकडे पाहत राहिले. तो केव्हा काढला, वाडगा कुठून घेतला, फडके केव्हा भिजवले, यातले मला काहीही आठवत नव्हते.

“मूठ आहे मॅडम.”

“कसली मूठ?”

“उद्याची.”

आधी कोणाला कळले नाही. मग मागच्या टेबलावरचा एक जण हसला आणि त्याच्यामागून सगळे. “उद्या इथं कोण भट्टी लावणारेय ताई?” वर्षा म्हणाली. तिच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. प्रश्न खराच होता.

मॅडम हसल्या नाहीत. सगळ्यांचे झाल्यावर त्यांनी मला थांबवून घेतले. “माल बाजूला काढणं हा मोठा दोष आहे. त्याचे बारा गुण जातात. तुमचे सहासष्ट झाले. उत्तीर्ण व्हायला सत्तर लागतात.”

“मी चोरत नव्हते मॅडम.”

“ते दिसतंय मला. चोरणारा फडकं भिजवत बसत नाही. पण कागदावर या दोषाला दुसरं नाव नाही.” त्यांनी पेनाचे टोपण लावले. “बरोबर तीन आठवड्यांनी पुढची तुकडी आहे. तुमचं काम इथल्या सगळ्यांपेक्षा चांगलं झालंय. फक्त हातांना सांगून ठेवा.”

“काय सांगू?”

“इथं उद्या नसतो, म्हणून सांगा.”

*

एसटीतून उतरले तेव्हा दिवस मावळायला अजून अवकाश होता. घरी न जाता मी बेकरीत गेले. चाचा पत्र्यांना तेलाचा हात देत बसले होते.

“झाली?”

“नाही झाली.”

त्यांनी फडके खाली ठेवले. “करपलं का?”

“नाही.”

“फुगलं नाही?”

“सगळं चांगलं झालं चाचा. एक लादी कमी भरली.” आणि मग मी सांगितले. सांगताना मला हसू यायला लागले, कारण दिवसभरात रडून झाले होते. उद्याची मूठ, मॅडम, उद्या इथं कोण भट्टी लावणारेय. मला वाटले चाचाही हसतील. एरवी मैद्याचे पोते फाटले तरी हसणारा माणूस. पण ते माझ्या हातांकडे पाहत होते.

“तुला कळलंसुद्धा नाही? काढताना?”

“नाही हो.”

“किती काढलीस?”

“आपण रोज काढतो तेवढी.”

“आणि तीन आठवड्यांनी पुन्हा आहे.”

“हो. तेवढीच. त्यानंतर मुदत संपली.”

“पुन्हा काढशील.”

“आता ध्यानात ठेवीन की.”

“ध्यान डोक्यात असतंय, कौसल्या,” चाचा म्हणाले. “मूठ डोकं काढत नाही.” आणि त्यांनी पुन्हा फडके तेलात बुडवले. “जा घरी. दमलीस.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फळीकडे गेले तर बरणी पालथी होती. धुतलेली, कोरडी. मी ती उचलली, उगीचच आत पाहिले.

“मुंग्या झाल्या,” चाचा मागून म्हणाले.

“कुठं?”

“आत. काळ्या. फडकं सैल राहिलं असंल. फेकलं सगळं.”

चाळीस वर्षांची वस्तू, आणि हा माणूस जणू शिळी भाजी टाकल्यासारखे सांगत होता. “सगळं कशाला फेकायचं चाचा? वरचं काढून आतलं घेतलं असतं. मला निरोप धाडायचा.”

“झालं ते झालं.”

“मग नवं धरू या. गुळाचं पाणी आणि मैदा. तुम्हीच सांगितलंय ना, पंधरा दिवसांत जोर धरतंय म्हणून. वास मी बघते.”

“नको.” त्यांचा आवाज इतका कडक मी क्वचितच ऐकला होता. “परीक्षेच्या आधी नवं काही धरायचं नाही. पाकिटावर करू. सगळं जग पाकिटावरच करतंय.”

त्या दिवशी आम्ही यीस्टच्या पाकिटावर पाव केला. तोडणी संपत आली, शेवटचा मैदा माझ्या हाताशी उरला आणि माझा हात फळीकडे गेला. तिथे पालथी बरणी होती. हात तसाच वर राहिला.

“लादीत टाक,” चाचा म्हणाले.

दुसऱ्या दिवशीही तेच झाले, तिसऱ्या दिवशीही. पाचव्या दिवशी मी नकळत एक वाटी पुढे ओढली तेव्हा त्यांनी मैद्याने माखलेल्या हाताने माझ्या मनगटावर चापट मारली. सुरुवातीला शिकवतानासुद्धा त्यांनी मला कधी हात लावला नव्हता. “लादीत म्हटलं ना! कान कुठं ठेवलेस?” मी तो मैदा लादीत टाकला. मनात मात्र राग धरला.

तो राग पुढे वाढतच गेला. पावाची चव बदलली हे आठ दिवसांत बाजाराला कळले. मालक रेवणसिद्ध तोडकरी एरवी मागच्या बाजूला फिरकत नसत. ते लादी हातात घेऊन आले.

“चाचा, हॉटेलवाल्या डोईफोड्यांनी परत पाठवलीय. म्हणतात, मिसळीत बुडवला की लगदा होतोय. कापूस भाजताय का पाव?”

“उन्हाळा आहे शेठ.”

“उन्हाळा काय पहिल्यांदा आलाय बार्शीत? चाळीस वर्षं झाली तुम्हाला इथं. आता हे ऐकायचं का मी लोकांचं, की तोडकऱ्यांचा मिस्त्री म्हातारा झाला?”

चाचा मान खाली घालून लाकडे सारत राहिले. मालक गेल्यावर मला राहवले नाही.

“का ऐकून घेता? नवं खमीर धरलं असतं तर आज निम्मं तयार झालं असतं. एका बरणीचं करायचं जिवावर आलं का तुमच्या? तसं असंल तर तसं सांगा. मी एकटी धरते.”

“परीक्षा दे आधी.”

“परीक्षेचा काय संबंध? दमलात तुम्ही, चाचा. सरळ म्हणा की दमलो.”

त्यांनी भट्टीचे दार लावले. आगीचा उजेड गेल्यावर त्यांचा चेहरा फार लहान दिसला. “दमलो,” ते म्हणाले. “झालं तुझं समाधान? ते पत्रे उचल आता.”

दुसरे हॉटेल सुटले. मग तिसऱ्याने मागणी निम्मी केली. मी तक्ते पाठ करत होते, खोकत होते, रोज सकाळी त्या पालथ्या बरणीखालून मैद्याचा डबा काढत होते. पंधराव्या दिवसानंतर केव्हातरी माझा हात फळीकडे जायचा थांबला. केव्हा, ते मात्र माझ्या लक्षात आले नाही.

*

दुसऱ्या परीक्षेत सोळा लाद्या भरल्या.

शेवटचा मैदा हाताशी आला, मी त्याचे सहा गोळे केले, लादी लावली, आणि हात फडक्याला पुसले. इतकेच घडले. हेर्लेकर मॅडमनी टेबलाचा कोपरा पाहिला, नळाखाली पाहिले, आणि हसून म्हणाल्या, “ऐकलं वाटतं हातांनी.” ब्याऐंशी गुण. मला आनंद व्हायला हवा होता. मी जिन्यात बसून थोडा वेळ दम घेतला आणि एसटी धरली.

प्रमाणपत्र दाखल झाले. आठव्या दिवशी टपालाने नेमणुकीचे पत्र आले: पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत रुजू व्हावे. वर्षाच्या घराशेजारीच टपाल कचेरी होती, म्हणून तिचे पत्र आदल्या दिवशीच पोचले होते. मी चौकातल्या दुकानातून केंद्राला फोन लावला. तिथले कारकून भले गृहस्थ होते.

“बारंगुळे बाई, पंधरा दिवस कागदावर आहेत. तुम्ही उद्याच या. पतंगे मॅडमही उद्याच रुजू होतायत. एका दिवशी रुजू झालात तर वयानं तुम्ही वरच्या ठरता. मागं राहिलात तर सेवाज्येष्ठतेत त्या कायमच्या वर. पुढं विभागप्रमुखाची जागा एकच आहे. समजलं ना मी काय म्हणतोय ते?”

“समजलं. येते उद्या.”

पेढे घेऊन मी बेकरीत गेले. चाचा नमाजाला गेले होते. मालक गल्ल्यावर होते. त्यांनी पेढा तोंडात टाकला, माझे अभिनंदन केले, माझ्या जागी कोणाला घ्यावे याची थोडी काळजी केली, आणि मग म्हणाले, “जाता जाता एक काम करा. तुमचं ऐकतील ते. म्हणावं, आता झाली ना पोरीची परीक्षा? मग धरा तुमचं खमीर.”

“पोरीची परीक्षा?”

“अहो, तेच तर कारण. एकवीस दिवस कळ काढा म्हणाले, मी काढली. दोन हॉटेलं गेली माझी, तिसरं निम्म्यावर आलं. आता परीक्षा होऊन आठ दिवस झाले. रोज विचारतो, तर रोज म्हणतात, उद्या धरतो.”

“पण शेठ, मुंग्या झाल्या होत्या ना त्यात?”

“कसल्या मुंग्या? माझ्यासमोर भट्टीत टाकलं त्यांनी. ज्या दिवशी तुम्ही सोलापूरहून नापास होऊन आलात ना, त्याच संध्याकाळी. मी म्हटलं, अहो घरी नेऊन ठेवा, तीन आठवड्यांनी परत आणा. तर म्हणाले, घरी नेलं तरी जगवायला रोज मूठ काढावी लागणार. मी काढली की ती बघणार. तिचे हात माझ्याकडं बघून शिकलेत शेठ, मी काढतो तोवर ती काढणारच.” मालकांनी बोटे पुसली. “मला काही झेपलं नाही ते. पण माणूस रडवेला झाला होता, म्हटलं जाऊ दे. आता लावायला काय होतंय? मैदा आहे, बरणी आहे.”

मी हो म्हटले. मैदा होता, बरणी होती. नवे खमीर पहिले दहा-बारा दिवस रोज वास घेऊनच सांभाळावे लागते. चांगले आंबणे कोणते आणि सडणे कोणते हे तेवढ्या दिवसांत डोळ्याला सारखेच दिसते. एकदा जोर धरला की मग नुसत्या फुगण्यावरूनही ते चालवता येते. मालकांना हे ठाऊक नव्हते. चाचांना ठाऊक होते. बरणी भट्टीत रिकामी करताना त्यांना ठाऊक होते की परीक्षा झाली की मी जाणार, आणि मी गेल्यावर हे त्यांना पुन्हा कधी धरता येणार नाही.

मी मागच्या बाजूला गेले. तिथे कोणी नव्हते. यीस्टची दोन रिकामी पाकिटे नीट घडी घालून पोत्यावर ठेवली होती. “दमलात तुम्ही, सरळ म्हणा,” हे मी ज्या जागी उभी राहून म्हटले होते त्याच जागी मी उभी होते. पेढ्यांचा पुडा फळीवर ठेवला आणि बाहेर पडले.

चौकातल्या दुकानातून पुन्हा फोन लावला.

“मी सोळा तारखेला रुजू होते.”

“सोळाला?” कारकून म्हणाले. “बाई, म्हणजे अगदी शेवटच्या दिवशी. काय सांगत होतो मी मघाशी? आजारपण वगैरे आहे का घरात?”

“अडचण आहे.”

“पंधरा दिवसांसाठी जन्मभर त्यांच्या खाली राहाल.”

“चालेल,” मी म्हटले.

तसेच झाले. त्या केंद्रात मी एकवीस वर्षे शिकवले. खोकला आटोक्यात राहिला. विभागप्रमुख वर्षा पतंगे झाल्या, आणि माझ्या रजेच्या अर्जांवर शेवटपर्यंत त्यांची सही असे. त्या चांगल्या होत्या. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी मला विचारले, ताई, तेव्हा तुम्ही एवढा उशीर का केलात? मी म्हटले, घरी अडचण होती.

त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वापाचला मी बेकरीचे मागचे दार ढकलले. चपला काढल्या, पदर खोचला, रुमाल बांधला. चाचा पोत्याला टेकून बसले होते. मला पाहून त्यांची बशी ओठांपाशीच थांबली.

“आज सोलापूरला जायचं होतं ना तुला?”

“पंधरा दिवसांची मुदत आहे.”

मी फळीवरून बरणी उतरवली, सुलटी केली. दोन मुठी मैदा घातला. घरून आणलेले गुळाचे पाणी थोडे थोडे ओतत बोटाने कालवले. चाचा उठून जवळ आले. बराच वेळ माझा हात फिरताना पाहत राहिले.

“कौसल्या,” ते म्हणाले, “त्या मुंग्या...”

“आता फडकं घट्ट बांधू या,” मी म्हटले.

त्यांनी मान हलवली. मी फडके भिजवले, पिळले, बरणीच्या तोंडावर बांधण्याआधी वाकले आणि नाक आत घातले.

“सांग,” चाचा म्हणाले.

“अजून नुसत्या पिठाचा.”

त्यांनी बरणी माझ्या हातातून घेतली आणि भट्टीच्या भिंतीला, जिथे ऊब बेताची असते तिथे, अलगद टेकवून ठेवली. मग आम्ही दोघे समोरासमोर उभे राहिलो आणि मैदा मळायला घेतला.